साधा ओरखडासुद्धा नाही
"पहिल्या दिवसापासून गाडी माझ्याकडेच आहे. साधा ओरखडासुद्धा नाही!" नव्या छोट्या एसयूव्हीच्या किमतीवरून तासभर घासाघीस केल्यावर त्याने एक्स्चेंजला आणलेल्या जुन्या गाडीचा हुकमी एक्का टाकला. सेल्समनने तपासनिसाला बोलावलं. रंगाची जाडी मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र बॉनेटवरून सरकत ड्रायव्हरच्या दारावर आलं आणि आकडा उसळला. "या दाराला परत रंग मारलाय, साहेब. गाडी ठोकलेली आहे." "भाव पाडायचे धंदे हे! माझ्या बायकोला विचारा." तावातावाने तो मागे वळला. बायको मनगटावरचा व्रण बाहीखाली झाकत होती. तो व्रण बाथरूममध्ये पडल्याचा, असं ती म्हणाली होती. "तुम्ही दौऱ्यावर होतात तेव्हा ठोकली," ती पुटपुटली. "मला का नाही सांगितलंस?" विचारता विचारता त्याची नजर तिच्या बाहीवर अडली. प्रत्येक दौऱ्यावरून परतल्यावर तो आधी गाडीभोवती फेरी मारायचा, मगच घराची बेल वाजवायचा.