माळ्याची उंची

"माळ्यावर माणूस ताठ उभा राहिला पाहिजे," नवरा म्हणाला. "वाकून चालायचं नाही."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या धाकट्या भावाने मोठा कागद पसरला होता. भाऊ सुतार. जळून गेलेला गोठा त्यानेच बांधला होता आणि नव्याचं छप्परही तोच करणार होता. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून भांडी पुसत होती. कधीच कोरडी झालेली भांडी.

"भाऊजी, मी काय म्हणतो," भावाने कानामागची पेन्सिल काढली, "ह्या खेपेला माळा नकोच. छपराला साधी लाकडी कैची करू. मधोमध खांब, दोन बाजूंना तिरके टेकू, छप्पर कसं पक्कं बसेल. वैरण लांब ठेवू, वेगळ्या शेडमध्ये. म्हणजे पुन्हा आग..."

त्याने जीभ चावली.

"माळा हवा," नवरा म्हणाला. "वैरण ठेव कुठे ठेवायची ती. माळा रिकामा राहू दे."

"रिकाम्या माळ्यासाठी एवढं लाकूड?"

 नवऱ्याच्या तळहातांची कातडी अजून गुलाबी, ताणलेली होती. आग लागली त्या दुपारी त्याने जिवावर उदार होऊन एकेक जनावर सोडून बाहेर काढलं होतं. जळते दोर त्याने नुसत्या हातांनी ओढले. शेजारीपाजारी धावून आले, म्हणाले, शाबास रे, एक वासरूसुद्धा गेलं नाही. धापा टाकता टाकता तो हसलादेखील. मग तिने अंगणातून घराकडे तोंड करून लेकीला हाक मारली. आतून कुणी ओ दिली नाही.

लेक माळ्यावर होती. पुस्तक घेऊन जायची आणि वैरणीवर तिथेच डोळा लागायचा तिचा.

"बरं," भाऊ खाली मान घालून म्हणाला. "मग उंची किती धरू?"

नवरा उठून उभा राहिला. त्याने हात आडवा करून आपल्या कानाशी धरला. मग थोडा वर नेला, कपाळापर्यंत. मग आणखी वर.

"वाढायची होती अजून," तो म्हणाला.

भावाने खिशातला टेप काढला आणि न उघडताच टेबलावर ठेवला. भाचीला तो बगळी म्हणायचा. माळ्यावर चवड्यांवर उभी राहिली की तिचं डोकं जुन्या छपराच्या तुळईला आपटायचं, आणि हा खालून ओरडायचा, "बगळे, सांभाळून! माझ्या तुळईला टेंगूळ येईल!" दर वर्षी तो छप्पर उचलून द्यायचं कबूल करायचा. दर वर्षी हातात दुसरं काम असायचं.

आता तो काढायला बसला. छपराच्या दोन उतरत्या रेघा आधी आल्या. मग मधला खांब सोडून त्याने दोन कडांना दोन खांब उभे केले, त्यांच्या डोक्यावर आडवी पट्टी टाकली, आणि तिरक्या रेघांच्या पोटात एक चौकोनी खोली उमटली. "ह्याला खालची तुळई भक्कम लागते," तो म्हणाला. बोलायला काहीतरी मिळालं म्हणून त्याला बरं वाटल्यासारखं झालं. "छपराचा भार तिच्यावर, माळ्याचाही तिच्यावरच. वर किती वजन धरू, भाऊजी?"

"एका माणसाचं."

ती वळली. इतक्या दिवसांत तिने कुणालाच बोल लावला नव्हता. नवऱ्याला नाही, भावालाही नाही. ती नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहायची, आणि ते आपापले हात टेबलाखाली घ्यायचे.

"भाऊजी," भाऊ कळवळून म्हणाला, "कशाला हो जिवाला लावून घेता? उद्या ह्या माळ्याकडे बघवेल का तुम्हाला? ताईला बघवेल?"

"पोरगी वर होती," नवरा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चूक दुरुस्त करावी तसा तो बोलत होता. "गोठ्याला माळाच नसला, तर ती कुठे होती म्हणून सांगायचं?"

बाहेर शेजाऱ्याच्या अंगणात बांधलेली गुरं हंबरली. दूध काढायची वेळ होत आली होती, पण कुणी हललं नाही.

"जिना कुठून देऊ?" शेवटी भावाने विचारलं.

नवऱ्याने कागदावर बोट ठेवलं. दाराच्या बाजूला. जुन्या माळ्याची शिडीही तिथेच होती, एकुलती एक. आग दाराकडूनच आत आली होती.

भावाने तिथे जिना काढला. कठडा काढला. पायऱ्या रुंद काढल्या.

ती टेबलापाशी आली. भावाच्या बोटांतून तिने पेन्सिल घेतली आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या भिंतीशी, माळ्यापासून खाली एक पायरी काढली. तिच्याखाली दुसरी.

"दोन जिने?" नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं. "वर आहे कोण आता?"

ती काढत राहिली. रेघा वाकड्या येत होत्या, एकीखाली एक, घाईघाईने. भावाने काढलेल्या गव्हाणीपर्यंत आल्या, गव्हाणीच्या खाली आल्या.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "जमीन लागली."

तिचा हात थांबला नाही.