बसून बघा

आमचे यजमान वेताच्या खुर्च्या विणायचे. ते गेल्यावर वकील गुरुराजांनी कुवेंपुनगरातल्या आपल्या घरी शोकसभा ठेवली. यजमानांनीच विणलेल्या खुर्चीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता.

“वेंकोजीराव म्हणजे आमच्या घरचाच माणूस,” वकील डोळे टिपत म्हणाले. “खुर्ची विणून झाली की हसून म्हणायचे, ‘स्वामी, बसून बघा!’”

माझं डोकं फिरलं. मी फोटो उचलला आणि बाहेर पायरीवर, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवला.

“अय्यो, वनजाक्का! हे काय करता?”

“तुमच्या सगळ्या खुर्च्या त्यांनी या पायरीवर बसून विणल्या, स्वामी. जिवंत माणसाला आत बोलावून कधी ‘बसा’ म्हणाला नाहीत, आणि आता फोटोला खुर्ची देताय?”