माळ्याची चूक

गावाहून सुट्टी संपवून आखातातल्या अल ऐनच्या व्हिलावर परतलेल्या तुकाराम माळ्याने पहिल्याच दिवशी ईशानीचं झाड मुळासकट उपटलं. सुरेश साहेब भडकले.

"पोरीचा कॉलेजचा प्रोजेक्ट होता तो! झाडावरचा मावा खायला तिने लेडीबर्ड किडे ऑनलाइन मागवले, रोज भिंग घेऊन पानं तपासली. आणि तू खलास केलंस? तण कुठलं नि झाड कुठलं, एवढंही ओळखता येत नाही? कसला रे माळी तू?"

"चुकलं साहेब. नाही ओळखू आलं."

साहेब तणतणत आत गेले. ईशानी किंचाळली, "यू रूइन्ड इट!"

तुकारामने डबीतले उरलेले लाल किडे झेंडूवर सोडले आणि दातओठ खात म्हणाला, "गांजा होता तो, ताई. आज मला ओळखू आला नाही. पुन्हा दिसला, तर येईल."