बशीतलं पाणी

"गोळी टाकलीस तर याद राख," म्हणत आईने पाण्याचा पेला लेकीच्या हातात कोंबला.

लेक घामाने निथळत होती. "अगं, अंगाची नुसती आग होते. चार वर्षं झाली. मी सोडणार आता."

"सोड की! माझी आई गेली, तुझी थोरली बहीण गेली. आता तू लाग रांगेत."

लेकीने मुकाट गोळी गिळली. आईने आपली गिळली आणि शाल घट्ट ओढून घेतली.

घरातल्या बायकांना स्तनाचा कॅन्सर शोधत यायचा. तो होऊच नये म्हणून सहा शहरांतल्या दवाखान्यांनी मिळून एक औषध तपासायला घेतलं होतं. मायलेकींनी नावं दिली. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना दिसायला तशीच, पण बिनऔषधाची गोळी. कुणाला कोणती, ते नर्सलाही ठाऊक नव्हतं.

"मग ठाऊक कुणाला?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कम्प्युटरला."

"त्याची आई गेली का कॅन्सरने?"

दोघींच्या बाटल्या आईच्याच कपाटात असायच्या, किल्ली तिच्या कमरेला. स्वतःची बाटली ती पाणी घातलेल्या बशीत ठेवी. लेक हसायची, "तुझी बाटली पोहायला शिकतेय का?"

"तू तुझी गोळी गीळ."

दर तीन महिन्यांनी नव्या बाटल्या यायच्या. गोळी एकदाही चुकली नाही. नर्स इतरांना या जोडीचं उदाहरण द्यायची.

पाच वर्षं भरली आणि डॉक्टरीणबाईंनी दोघींना बोलावलं. औषध गुणकारी ठरलं होतं. कुणाला काय मिळालं, ती यादी आता उघडली होती.

"आई, तुम्हाला खरं औषध होतं. ताईंना बिनऔषधाची गोळी."

लेकीचा चेहरा उतरला. "मग हा घाम? ही आग?"

"कधी कधी मनच तसं भासवतं. घाबरू नका, तुमचं औषध आजच सुरू करू. आईंचं पूर्ण झालंय."

"तिचं पूर्ण झालंय," आई म्हणाली. "सुरू करायचं तर माझं करा."

"अहो, यादीत स्पष्ट लिहिलंय..."

"लिहिलं असेल. पहिल्याच आठवड्यात हिच्या बाटलीला मुंग्या लागल्या, माझ्या बाटलीकडे एक फिरकली नाही. तेव्हापासून दर वेळी हिच्या गोळ्या माझ्या बाटलीत आणि माझ्या हिच्या बाटलीत ओतत आले मी. घ्या लिहून यादीत."