लांबचा पूल

प्रेबेन पुलाच्या बसमध्ये चढला, तशी हारवालीच्या छत्रीआड लपलेल्या त्याच्या बायकोनं, लमदुआननं, काळा चष्मा कपाळावर सरकवला. एकटाच होता. पण म्हणून काय झालं? ती पलीकडे वाट बघत असेल. नाहीतर अलीकडे.

ती कोण, हे लमदुआनला ठाऊक नव्हतं. पण आहे, याची खात्री होती. उदोनजवळच्या त्यांच्या गावाहून नाँगखायचा पूल तासाभरावर. परदेशी माणसाला राहायच्या परवान्यावर नवा शिक्का हवा असला, की पूल ओलांडून नदीपलीकडच्या लाओसात पाऊल टाकायचं, कॉफी प्यायची, परत यायचं. गावातले सगळे गोरे जावई नाँगखायलाच जात आणि जेवायला घरी येत. प्रेबेन तेवढा दर खेपेला मुकदाहानचा लांबचा पूल गाठायचा. अर्धा दिवस बसमध्ये, वर मुक्काम. परतला की सदऱ्यावर चमकी आणि अंगाला मोगऱ्याचा वास. डेन्मार्कात जन्मभर पाव भाजलेल्या माणसाला पिठाचा वास यावा, मोगऱ्याचा कसला?

"का गं, नाँगखायची नदी काय उष्टी आहे?" शेजारची साओवानी कच्ची पपई कुटता कुटता म्हणाली होती. "तिकडे कुणीतरी पंखा हलवत बसलीय, लिहून ठेव."

म्हणून लमदुआन कोंबड्या भाजायचं दुकान बंद करून त्याच्या मागोमाग आली होती. बस पुलाकडे वळली आणि तिचं डोकं तापलं. थांब्यालगतच नदीच्या देवीचं ठाणं होतं. ती तरातरा आत गेली, उदबत्त्या पेटवल्या, गुडघे टेकले.

"आई, आज याला परत येऊ देऊ नकोस. पुलावरच्या साहेबाला शिक्का नाकारू दे. राहू दे मेल्याला तिच्याच उशाशी. डुकराचं अख्खं मुंडकं वाहीन."

डोळे उघडले तर समोरच्या फरशीवर चमकी सांडलेली. तीच. अगदी तीच.

कोपऱ्यात देवीपुढे नाचणाऱ्या मुली मुकुट नीट करत होत्या. त्यांची म्होरकी पिकुन खोट्या पापण्या चिकटवत बसली होती.

"कुणाची वाट बघता गं?" लमदुआननं आवाज गोड केला.

"आमच्या गोऱ्या आजोबांची. पुलावरून येतीलच."

"बरेच दिवस येतात वाटतं?"

"वर्षं झाली. आम्ही नाचतो, ते टाळ्या वाजवतात. भलत्याच तालात."

"आणि मग?"

"मग काय! एक हार आईला घालतात, एक स्वतःच्या गळ्यात. आणि रडतात."

"रडतात?"

"पहिल्या खेपेला चुकीच्या बसमध्ये बसून इथं आले होते. बसमधल्यांनी घाबरवलं, एवढे शिक्के झाल्यावर साहेब परत आत घेत नाही म्हणून. तेव्हा नवस बोलले, लमदुआनकडे परत जाऊ दिलंस तर दर खेपेला मुली नाचवीन. आता जिथं बोलला तिथंच फेडायला नको? म्हणून येतात बिचारे एवढ्या लांब." पिकुननं पापणी दाबली. "कोण ती लमदुआन, कुणास ठाऊक. नशीब काढलंन बाईनं."

लमदुआनच्या हातातल्या उदबत्तीची राख पायावर पडली तरी तिला कळलं नाही.

"नवस मागे घेता येतो का गं?"

"आई काय बाजारात बसलीय, माल परत घ्यायला? त्याला वरचढ नवस बोल फार तर. काय बोललीस तू?"

लमदुआन तशीच देवीकडे वळली. पुन्हा गुडघे टेकले. "आई, येऊ दे त्याला. मुंडकं तर देतेच. वर मी स्वतः नाचीन."

बस आली. लाओसातल्या बाया पिशव्या घेऊन उतरल्या. प्रेबेन नव्हता. पुढची बस आली. त्यातही नव्हता. मग मात्र लमदुआन थांबली नाही. कुणाच्या तरी डोक्यावरचा मुकुट ओढून तिनं आपल्या डोक्यावर चढवला आणि फेर धरला. तिच्या गुडघ्यांचा आवाज ऐकून पलीकडच्या तीरावरची कुत्री भुंकायला लागली, असं मुकदाहानात अजून सांगतात.

ऊन कललं तेव्हा प्रेबेन आला. चेहरा पार उतरलेला. ठाण्याच्या पायरीशी तो जागीच थबकला.

"लमदुआन? तू?"

"नवस फेडतेय. तू आधी सांग, एवढा उशीर का?"

तो पायरीवर बसला. "साहेब शिक्का देईचना. सगळी बस गेली, मला बसवून ठेवलं. मग एकदाचा मारला. पण म्हणाला, हा शेवटचा. पुन्हा या पुलावर दिसलास तर आल्या पावली माघारी."

लमदुआननं हळूच देवीकडे पाहिलं. आईनं दोन्ही मागण्या ऐकून घेतल्या होत्या.

"मग आता रे?"

"एक वाट आहे म्हणाला. बायको इथली असेल तर कचेरीत लग्नाची नोंद कर. मग शिक्क्यासाठी पूल ओलांडायचं कामच उरत नाही."

"एवढंच? मग तू काय म्हणालास?"

प्रेबेननं बूट काढून पायरीखाली ठेवले.

"म्हटलं, साहेब, गावानं मनगटाला दोरे बांधून लग्न लावलंय. कचेरीत चल म्हणून दर सणाला विचारतो तिला. ती म्हणते, परक्या माणसाचा काय भरवसा."