गुलाबाखालचा फुगा

नवरा गेल्यावर सुताराच्या बायकोने त्याचं टेबल विकलं नाही, सजवायला काढलं. दुपारी जेवून तो याच टेबलावर गाल टेकून डुलकी काढायचा. तेवढ्या जागेचा रंग पार उडाला होता. तिने जुन्या कॅलेंडरांतली फुलं कातरली आणि गोंद लावून, फडक्याने दाबून लाकडावर बसवली.

सगळी फुलं बसली. फक्त गालाच्या जागेवरच्या गुलाबाखाली हवेचा फुगा राहिला. तिने दाबला की खाली जायचा आणि सावकाश वर यायचा. मग तिने हात काढला, तरी तो वर-खाली होतच राहिला.

"सुई टोच वहिनी, हवा जाईल," नणंद म्हणाली. "दादाला असलं अर्धवट काम खपायचं नाही."

वहिनीने सुई उचलली. फुगा एकदम थांबला, कान देऊन ऐकत असल्यासारखा.

तिने सुई खाली ठेवली. "झोपेतून उठवलेलंही खपायचं नाही त्यांना."

"काहीतरीच तुझं," म्हणत नणंदेनेच सुई टोचली.

फुगा फुटला नाही. तो गुलाबाखालून निघाला आणि एकेक फूल उचलत वहिनीच्या हातापर्यंत आला. तिथे तो पुन्हा संथपणे वर-खाली होऊ लागला, आणि तिच्या बोटांना ऊब लागली.