मऊ हातमोजे

अर्धांगवायूच्या झटक्यानं आईची वाचा गेली. डोळे-कान त्याआधीच गेले होते. लेकीनं तिला दवाखान्यातून थेट आपल्या घरी आणलं, तळहाताच्या फोडासारखं जपलं. फक्त एक खोड जाईना. कुणी जवळ आलं की आई त्याचा हात ओढून तळव्यावर बोट घासत बसायची. "डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय!" शेजारीण म्हणाली. लेक शिवणकाम करणारी. तिनं मऊ कापडाचे, पिशवीसारखे हातमोजे शिवून आईला घातले. चार महिन्यांनी अंध-बधिर वृद्धांसाठी काम करणाऱ्या ताई आल्या. त्यांनी हातमोजा काढून आपला तळवा पुढे केला. आईचं बोट भराभर चालू लागलं. "अहो, या लिहितायत!" लेक पुढे सरकली. "काय लिहितेय?" ताईंनी सावकाश वाचलं: "बाई, तुम्ही माझं फार मायेनं करता. आता एवढं करा. माझ्या लेकीला कळवा, मी इथे आहे."